श्वसनमार्गी औषधयोजना

औषध वायू, बाष्प, सूक्ष्म थेंब किंवा बारीक चूर्ण यांच्या रूपात नाकात सोडून अथवा श्वासाबरोबर फुप्फुसांत पोहोचवून उपचार करण्याच्या पद्धतीस श्वसनमार्गी औषधयोजना म्हणतात. तिचे हेतू दोन असतात : नाक किंवा श्वासनलिका येथेच असलेल्या विकारावर स्थानिक उपचार करणे व या अवयवांच्या पातळ, रक्तवाहिनीयुक्त अस्तरातून औषध रक्तात शोषले जाऊन ते सर्व शरीरास उपलब्ध करून देणे. पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण दम्यावरील औषधांचे, तर दुसऱ्याचे शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगविल्या जाणाऱ्या भूल देणाऱ्या द्रव्यांचे होय.

स्थानिक उपचारातील लाभ मात्रेवरून लक्षात येतो. साल्ब्युटामॉल हे आकुंचित श्वासनलिका रुंदावणारे औषध गोळीच्या रूपाने प्रौढ रुग्णास प्रत्येक वेळी २ ते ४ मिग्रॅ. द्यावे लागते. ते आतड्यातून शोषले जाते, यकृतातून जाताना त्याचा बराच भाग निष्क्रिय होतो, उरलेले रक्ताबरोबर सर्वत्र पसरते आणि त्याचा अल्पांशच श्वासनलिकांच्या स्नायूंपर्यंत जातो. परिणाम दिसू लागण्यास सुमारे अर्धा तास लागतो व हात कापणे, छातीत धडधडणे हे उपद्रव सोसावे लागतात. तेच औषध श्वासावाटे दिले, तर एका फवाऱ्यातील ०·१ मिग्रॅ. म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्श्याइतकी मात्रा काम सुरू करते आणि आराम पाच मिनिटांत वाटू लागतो. असे असताही ‘पंपाचे औषध फार जहाल, त्याची सवय लागते’ अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळते व गोळी सौम्य मानली जाते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

या पद्धतीतील मूलभूत अडचण शरीररचनेतच आहे. बाहेरील कण आत जाऊ नयेत, गेलेच तर लवकर बाहेर काढले जावेत, अशा रीतीने नाकापासून वायुकोशापर्यंतचा सर्व मार्ग घडलेला आहे. औषधाचा कण शरीराच्या दृष्टीने धुळीच्या कणाहून वेगळा नसतो. म्हणून या उपचारात डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा व रुग्णाच्या फुप्फुसात प्रत्यक्ष पडलेली मात्रा या दोन अगदी भिन्न गोष्टी ठरतात आणि त्यांतील अंतर कणाचा आकार, साधनाची रचना व रुग्णाची श्वास घेण्याची रीत यांवर अवलंबून राहते.

कणांचा आकार व निक्षेपण : श्वासनाल दुभंगत दुभंगत सुमारे २३ वेळा विभागली जाते. शेवटी कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ प्रौढ व्यक्तीत सु. ७० ते १०० चौ. मी. भरते. वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त यांमधील पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन असते).

हवेबरोबर वाहणारा कण कोठे पडेल, हे तीन क्रियांनी ठरते. मोठ्या व वेगवान कणांना हवेच्या झोताबरोबर वळता येत नाही. रस्त्याच्या वळणावर भरधाव गाडी सरळ कठड्यावर जावी तसे ते घशाच्या मागील भिंतीवर किंवा श्वासनलिकांच्या दुभाजकावर आदळतात. मध्यम आकाराचे कण खोलवरच्या अरुंद नलिकांत, जेथे हवेची गती मंदावलेली असते तेथे, स्वतःच्या वजनाने खाली बसतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतस्ततः भरकटून भिंतीला चिकटतात. परिणामतः १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात व घशातच अडकतात आणि १ ते ५ मायक्रॉन आकाराचे कण खालच्या श्वासनलिकांत व वायुकोशांत पोहोचतात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण आदळण्यास फार हलके व भरकटण्यास फार जड असल्यामुळे त्यांतील पुष्कळसे उच्छ्‌वासाबरोबर परत बाहेर पडतात. येथे आकार म्हणजे केवळ व्यास नव्हे. घनतेचाही त्यात विचार करावा लागतो. सच्छिद्र, पोकळ व म्हणून हलका असा मोठा कण हवेत लहान कणाप्रमाणेच वागतो आणि काही आधुनिक औषधी चूर्णे मुद्दाम तशी तयार करतात.

आत पडलेल्या कणालाही फार सवड मिळत नाही. श्वासनलिकांच्या अस्तरावरील श्लेष्म्याचा थर पक्ष्माभिकांच्या लयबद्ध हालचालीने घशाकडे सतत ढकलला जातो व त्याबरोबर न विरघळलेले औषधही वर येऊन गिळले जाते. वायुकोशात पक्ष्माभिका नसतात. तेथे महाभक्षी कोशिका कण गिळून टाकतात. दम्यासारख्या विकारात नलिका आकुंचित व श्लेष्म्याने भरलेल्या असल्यामुळे, ज्या भागाला औषधाची सर्वांत अधिक गरज तेथेच ते सर्वांत कमी पोहोचते. [⟶ दमा, श्वसन तंत्र].

इतिहास : नाकावाटे औषध देण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. आयुर्वेदाने नस्य हे पंचकर्मांपैकी एक मानले असून चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत औषधी तेले, स्वरस व चूर्णे नाकात घालण्याचे, तसेच औषधी वनस्पतींचा धूर ओढण्याचे विधी दिले आहेत. धोत्र्याचा धूर दम्यावर ओढण्याचा भारतीय प्रघात ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मद्रासमध्ये पाहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो ब्रिटनमध्ये नेला. धोत्र्यातील ॲट्रोपीनवर्गीय अल्कलॉइडे श्वासनलिका रुंदावतात, त्यामुळे या उपचारात तथ्य होते. धोत्र्याची पाने भरलेल्या ‘दम्याच्या सिगारेटी’ यूरोप-अमेरिकेत विसाव्या शतकातही दीर्घकाळ विकल्या जात. आज दमा व दीर्घकालिक श्वासनलिकारोध यांत वापरले जाणारे इप्राट्रोपियम हे औषध रासायनिक दृष्ट्या त्याच कुळातील आहे.

इंग्लंडमध्ये जॉन मज यांनी १७७८ मध्ये झाकणाला नळी बसविलेल्या, कथिलाच्या मिश्रधातूच्या पेल्यासारख्या भांड्यातून बाष्प ओढण्याचे साधन वर्णिले. फ्रान्समध्ये सालेस-जिराँ यांनी १८५८ मध्ये पंपाच्या दाबाने द्रव फवारणारे सुवाह्य उपकरण तयार केले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून केलेले शुद्धिहरणाचे प्रात्यक्षिक फुप्फुसांवाटे सर्व शरीरावर औषध चालविता येते याचा निर्णायक पुरावा ठरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दम्याचे रुग्ण रबरी फुगा दाबून काचेच्या नळीतून ॲड्रेनॅलिनाचा फवारा घेत. ही साधने फुटत आणि त्यांतून मिळणारी मात्रा फुगा किती जोराने दाबला यावर ठरे.

या स्थितीत खरे परिवर्तन १९५६ मध्ये झाले. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, केसांवरील फवाऱ्याप्रमाणे माझे औषध डब्यात का भरता येत नाही, असे विचारल्यावरून मापी फवाऱ्याच्या कामास चालना मिळाली, असा वृत्तांत आहे. सुगंधी द्रव्याच्या कुपीसाठी योजलेली, प्रत्येक दाबास ठराविक घनफळ सोडणारी झडप येथे उपयोगी पडली. चूर्णरूप औषधाचे श्रेय मुख्यतः रॉजर अल्टून्यन (१९२२–८७) यांच्याकडे जाते. ते स्वतः दमेकरी होते व संभाव्य औषधांचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवर केले. त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हे प्रतिबंधक औषध निघाले. युद्धकाळात वैमानिक असलेल्या अल्टून्यन यांनी ते ओढण्यासाठी योजलेल्या साधनात श्वासाच्या झोताने फिरणारा लहानसा पंखा होता. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये व बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यावयाचे कॉर्टिकोस्टेरॉइड १९७२ मध्ये प्रचारात आले.

साधने : मापी फवारा, म्हणजेच बोलीभाषेतील पंप, हे सर्वाधिक रूढ साधन होय. त्यात दाबाखाली द्रवरूप ठेवलेल्या प्रणोदकात औषध विरघळविलेले किंवा निलंबित असते. डबा दाबताच ५० ते १०० मायक्रोलिटर द्रव बाहेर पडून त्याचे क्षणार्धात बाष्पीभवन होते. झोताचा वेग मोठा असल्यामुळे औषधाचा बहुतेक भाग घशावर आदळतो. चांगल्या रीतीने वापरूनही जुन्या धर्तीच्या फवाऱ्यातून साधारणतः १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात जाते, उरलेले गिळले जाते. रीत चुकल्यास हे प्रमाण नगण्य होते. फवारा प्रथम हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, तोंडी ओठांत घट्ट धरून सावकाश श्वास घेण्यास आरंभ करावा आणि त्याच क्षणी डबा दाबावा. चार-पाच सेकंद श्वास आत घेत राहून सुमारे दहा सेकंद रोखून धरावा. दाब आधी दिला तर औषध जिभेवर बसते, नंतर दिला तर ते घशातच राहते. हा मेळ वृद्धांना व लहान मुलांना बहुधा साधत नाही. औषधाची चिठ्ठी लिहिण्यास एक मिनिट पुरते, परंतु ही रीत शिकविण्यास व पुढच्या भेटीत रुग्णाकडून करवून पाहण्यास दहा मिनिटे लागतात; गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी हीच दहा मिनिटे वगळली जातात आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा पडतो.

यावर सोपा उपाय म्हणजे फवारा व तोंड यांमध्ये पोकळ नळकांडे बसविणे. यास स्पेसर म्हणतात. त्यात झोताचा वेग मंदावतो, मोठे थेंब भिंतीवर बसतात व बारीक कण रुग्ण आपल्या गतीने ओढू शकतो. लहान मुलास मुखवटा जोडून ते देता येते. तीव्र झटक्यातही स्पेसरसह दिलेला फवारा बहुतेक रुग्णांत विद्युत् यंत्राइतकाच गुणकारी ठरतो. स्पेसर महाग असावा लागतो असेही नाही : दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे मुलांवर केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तळाला नेमके भोक पाडून फवारा बसविलेली अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली नेहमीच्या स्पेसरच्या बरोबरीने उपयोगी पडली. प्लॅस्टिकवरील स्थिर विद्युत् भार कण ओढून घेतो; म्हणून स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, निथळत वाळवितात.

चूर्णसाधनांत प्रणोदक नसतो. औषधाचे बारीक कण परस्परांना चिकटू नयेत म्हणून ते दुग्धशर्करेच्या बऱ्याच मोठ्या कणांवर बसविलेले असतात आणि रुग्णाच्या श्वासाच्या जोराने ते सुटे होतात. म्हणून फवाऱ्यासाठी श्वास सावकाश, तर चूर्णासाठी तो आरंभापासून जोरदार हवा. दोन्ही साधने वापरणाऱ्या रुग्णाचा येथे हमखास गोंधळ होतो. चूर्णाचा दुसरा शत्रू आर्द्रता. कोकणात पावसाळ्यात उघडी राहिलेली कॅप्सूल मऊ पडते, चूर्णाचे गोळे होतात व श्वास कितीही जोराने घेतला तरी ते फुटत नाहीत. साधनात तोंडाने फुंकर मारल्यासही हाच परिणाम होतो.

नेब्युलायझर या यंत्रात दाबाखालील हवा, श्राव्यातीत कंपने किंवा सूक्ष्म छिद्रांची कंप पावणारी जाळी यांच्या साहाय्याने विद्रावाचे धुके करतात. या धुक्यास घरोघरी ‘वाफ’ म्हणतात. ते वाफ नव्हे, आणि गरम पाण्याच्या वाफेने त्याचे काम होत नाही. अर्भके, अत्यवस्थ रुग्ण व मोठ्या मात्रेत द्यावयाची प्रतिजैविके यांसाठी हे यंत्र आवश्यक आहे. एरवी त्याची सरसकट योजना करण्याचे कारण नाही. शिवाय नीट न धुतलेल्या पेल्यात जंतू वाढतात आणि ते थेट फुप्फुसात जातात.

अतिवापराचे धोके : श्वासावाटे घेतलेल्या औषधाने मिळणारा तत्काळ आराम हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा सापळाही ठरला आहे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड व वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः मुलांतील व तरुणांतील, एकाएकी अनेक पटींनी वाढले. आयसोप्रेनॅलीन या औषधाचा नेहमीच्या पाचपट तीव्रतेचा फवारा ज्या देशांत विकला जात होता, मुख्यतः तेथेच ही लाट आली. अमेरिकेत तो विकला जात नव्हता आणि तेथे ती आली नाही. डॉक्टरांना व जनतेला इशारे देण्यात आल्यानंतर मृत्यू घटले. १९७६ पासून न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या औषधाच्या बाबतीत असाच प्रकार घडला व त्याच्या वापरावर निर्बंध आल्यावर तेथील मृत्यूही कमी झाले. हृदयावरील दुष्परिणाम किती व उपचारास झालेला विलंब किती, याबद्दल तज्ञांत पुष्कळ वाद झाला. तथापि एक गोष्ट स्पष्ट झाली : नलिका रुंदावणारे औषध स्नायू सैल करते, पण नलिकांच्या अस्तराचा दाह शमवीत नाही. रुग्ण पुन्हापुन्हा फवारा घेऊन वेळ मारून नेतो आणि आतला रोग वाढत राहतो. दाह शमविण्याचे काम कॉर्टिकोस्टेरॉइडे करतात. परंतु त्यांचा आराम चटकन जाणवत नसल्याने रुग्ण तीच प्रथम सोडतो. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये प्रौढ व किशोरवयीन रुग्णांत केवळ अल्पकाल टिकणारे विस्फारक औषध वापरण्याची जुनी शिफारस मागे घेतली आणि त्याबरोबर श्वासावाटे कॉर्टिकोस्टेरॉइड देण्यास सांगितले. कॉर्टिकोस्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून टाकणे आवश्यक असते, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आवाज बसण्याचा उपद्रवही काहींना होतो.

फवाऱ्यातील प्रणोदकांचा प्रश्न निराळा आहे. पूर्वीचे क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायू ओझोन थराचा नाश करतात म्हणून १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार क्रमाने बंद झाले व त्यांच्या जागी हायड्रोफ्ल्युओरोआल्केन वायू आले. हे वायू ओझोनाला अपाय करीत नाहीत, पण कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता अडवितात. त्यामुळे आता त्यांनाही पर्याय शोधले जात आहेत.

फुप्फुसांवाटे सर्वदेही उपचार : इन्शुलीन श्वासावाटे देण्याचा पहिला प्रयत्न जर्मनीत १९२५ च्या सुमारास झाला. २००६ मध्ये अमेरिकेत व यूरोपात एक्झुबेरा या इन्शुलिनाच्या चूर्णास मान्यता मिळाली, तेव्हा मधुमेहींची सुई सुटली असे वाटले. परंतु साधन अवजड होते, मात्रा रूढ एककांऐवजी मिलिग्रॅममध्ये मोजावी लागे, किंमत अधिक होती व फुप्फुसांच्या कार्याची वारंवार तपासणी करावी लागे. २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. २०१४ मध्ये मान्य झालेले दुसरे चूर्ण लहान साधनातून घेता येते व फार लवकर शोषले जाते. मात्र दमा, दीर्घकालिक श्वासनलिकारोध व धूम्रपान असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीत या मार्गाला अधिक यश लाभले : पुटीय तंत्वात्मकता या आनुवंशिक रोगातील चिवट जंतुसंसर्गावर टोब्रामायसिनाचा विद्राव १९९७ पासून अमेरिकेत वापरात आहे.

नाकावाटे औषधे : नासागुहेचे क्षेत्रफळ सु. १५० चौ. सेंमी. म्हणजे फुप्फुसांच्या मानाने अत्यल्प असते, पण तिला रक्तपुरवठा विपुल आहे व तेथून शोषलेले औषध प्रथम यकृतात जात नाही. मर्यादा अशा की, एका नाकपुडीत सु. ०·१ ते ०·१५ मिलि. इतकाच द्रव मावतो, पंधरावीस मिनिटांत पक्ष्माभिका तो घशाकडे नेऊ लागतात आणि मोठ्या रेणूंचे शोषण फार कमी होते. तरीही जेथे गिळता येत नाही व शीर शोधण्यास वेळ नसतो, तेथे हा मार्ग जीवदान देतो. आकडी येत असलेल्या मुलास घरच्या माणसांनी नाकात मिडॅझोलामाचा फवारा देणे हे भारतात रूढ झाले आहे. अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने श्वास मंदावलेल्यांसाठी नॅलोक्सोनाचा नासिक फवारा अमेरिकेत २०१५ मध्ये, तर तीव्र ॲलर्जीच्या आघातावर ॲड्रेनॅलिनाचा फवारा २०२४ मध्ये मान्य झाला.

सर्दीवर सर्रास विकत घेतले जाणारे झायलोमेटाझोलिनासारखे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करतात. आठवड्याहून अधिक काळ ते घातल्यास परिणाम ओसरताच अस्तर पूर्वीहून अधिक सुजते, रुग्ण पुन्हा थेंब घालतो आणि नाक चोंदण्याचे कारण औषधच होऊन बसते. पंपाची ‘सवय’ लागत नाही. या थेंबांची मात्र लागते.

नाकाच्या छताशी गंध-तंत्रिकांची टोके असल्यामुळे तेथून मेंदूत औषध नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. या भागाशी जपून वागावे लागते, हे १९३७ मध्ये टोराँटो येथे दिसले : पोलिओचा विषाणू नाकावाटे शिरतो या समजुतीने तेथे सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारण्यात आले. पोलिओ टळला नाही. काही मुलांची गंधसंवेदना मात्र नष्ट झाली.

लसी : श्वसनमार्गे शिरणाऱ्या रोगांवर त्याच मार्गाने लस दिल्यास श्लेष्मकलेतच प्रतिकारशक्ती निर्माण होईल, ही अपेक्षा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०००–०१ च्या हिवाळ्यात वापरलेली इन्फ्ल्युएंझाची एक नासिक लस घेतलेल्यांत चेहऱ्याच्या एका बाजूचा पक्षाघात अधिक आढळल्याने ती मागे घ्यावी लागली. जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंच्या लसी त्या मानाने निर्धोक ठरल्या. एच१एन१ इन्फ्ल्युएंझावरील अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये बाजारात आणली. कोव्हिड-१९ वरील भारत बायोटेकच्या नासिक लशीस २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली.

गोवराच्या लशीचे धुके हुंगवून देण्याचे प्रयोग मेक्सिकोत १९८० नंतरच्या दशकात ॲल्बर्ट सेबिन व त्यांचे सहकारी यांनी केले होते. सुई, निर्जंतुकीकरण व प्रशिक्षित परिचारिका यांची गरज टळेल, अशी त्यामागील दृष्टी होती. तिची मोठी कसोटी महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झाली. तेथे ९ ते १२ महिन्यांच्या २,००४ बालकांपैकी निम्म्यांना लस धुक्याच्या रूपात व निम्म्यांना टोचून देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९१ दिवसांनंतर धुके घेतलेल्यांपैकी ८५·४ टक्के व टोचून घेतलेल्यांपैकी ९४·७ टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली. धुके निर्धोक होते, पण पहिल्या मात्रेसाठी सुईच्या तोडीचे नव्हते. गोवर अतिशय संसर्गजन्य असल्याने एवढी तूटही मोठी ठरते आणि त्या वयाच्या बालकांना गोवराची लस आजही टोचूनच दिली जाते.